दहा बाय अकराच्या फ्लॅटमधील शांत, आधुनिक बेडरूम: पहिल्यांदाच खोली सजवणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

पुण्या-मुंबईकडच्या अनेक फ्लॅटमध्ये झोपण्याची मुख्य खोली साधारण 10 बाय 11 फुटांची असते. एवढ्याच जागेत झोपायचे असते, कपडे ठेवायचे असतात, आणि इस्त्रीला द्यायचे गाठोडे, प्रवासाच्या बॅगा, पाहुण्यांसाठीच्या जादा गाद्या व घराची कागदपत्रेही अखेर इथेच येऊन राहतात. अशा खोलीची सजावट रंग किंवा शोभेच्या वस्तू निवडण्यापासून सुरू केली, तर थोड्याच दिवसांत ती पुन्हा भरून जाते. शांत वाटणारी खोली मुख्यतः तीन गोष्टींवर उभी असते: सामानाची ठरलेली जागा, डोळ्यांना न टोचणारा प्रकाश आणि मोकळी राहिलेली जमीन. रंग, पडदे आणि चादरी यांचे काम त्यानंतर सुरू होते. पुढे कामे ज्या क्रमाने सांगितली आहेत तो क्रम शक्यतो मोडू नये, कारण विजेचा पॉइंट रंगकामानंतर आठवला की भिंत पुन्हा फोडावी लागते, आणि कपाट आधी बनवून पलंग नंतर आणला की कपाटाचे दार पलंगाला अडते.

उदाहरणासाठी 10 फूट रुंद, 11 फूट लांब आणि 9.5 फूट उंच खोली घेऊ. तिच्या एका लांब भिंतीत 5 फूट रुंदीची सरकती खिडकी आहे आणि दार एका आखूड भिंतीच्या कोपऱ्यात आहे, असे समजू. आपल्या खोलीची मापे वेगळी असली तरी हिशेबाची रीत हीच राहील.

आधी सामान ठरवावे, मग मापे घ्यावीत

कागदावर एक यादी करावी आणि तीत या खोलीत राहणारी प्रत्येक वस्तू लिहावी. रोज लागणारे कपडे, सणासुदीच्या साड्या, रजया, बॅगा, औषधे, चार्जर, आरसा, धुण्याचे कपडे असे सगळे लिहून झाले की प्रत्येक वस्तूपुढे ती रोज लागते, महिन्यातून लागते की वर्षातून एकदा, एवढेच नोंदवावे. रोजच्या वस्तू कंबर ते डोके या उंचीत याव्यात, क्वचित लागणाऱ्या वस्तू पलंगाखाली किंवा माळ्यावर जाव्यात, आणि वर्षभरात एकदाही हात न लागलेल्या वस्तूंचा घरात एकदा मोकळेपणाने विचार व्हावा. हे काम कंटाळवाणे वाटले तरी ते टाळू नये. खोलीतली बहुतेक अशांतता खुर्चीवर साठलेले कपडे आणि कपाटाच्या डोक्यावरच्या खोक्यांमुळे येते. ती कुठल्याही रंगाने झाकली जात नाही.

त्यानंतर टेप घेऊन भिंतींची लांबी, खिडकीची रुंदी, तिची जमिनीपासूनची उंची, दार उघडल्यावर अडणारी जागा, स्विचबोर्ड आणि एसीचा पॉइंट ही सर्व मापे इंचांत लिहून घ्यावीत. चौकटींच्या कागदावर एका चौकटीला सहा इंच धरून नकाशा काढला, तर पलंग आणि कपाट कागदातून कापून त्यावर सरकवून पाहता येतात. मोबाइलवरची अॅपही हे काम करतात, पण खोलीच्या जमिनीवर खडूने पलंगाची चौकट आखून तिच्या कडेने चालून पाहण्याइतकी खात्री दुसऱ्या कशानेही पटत नाही.

पलंग आणि कपाट यांची मांडणी

क्वीन आकाराची गादी 60 बाय 78 इंचांची, तर किंग आकाराची 72 बाय 78 इंचांची असते. दोन्ही आकारांत 75 इंच लांबीच्याही गाद्या मिळतात. आपल्या उदाहरणात पलंगाची डोक्याकडची बाजू दार नसलेल्या 10 फुटांच्या भिंतीला लावली, तर क्वीन पलंगाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी अडीच फूट जागा उरते आणि किंग पलंगाच्या बाजूंना दोन फूट. चादर बदलण्यासाठी आणि रात्री उठणाऱ्याला जोडीदाराला न ओलांडता बाहेर पडण्यासाठी दोन फूट पुरतात, परंतु तेवढ्यात बाजूचे टेबलही बसवायचे असल्यास खोली दाटते. या मापाच्या खोलीसाठी माझी शिफारस क्वीनचीच राहील. लहान मूल सोबत झोपत असेल तर मात्र किंग घ्यावा आणि बाजूच्या टेबलांऐवजी भिंतीला दोन अरुंद फळ्या लावाव्यात.

आता लांबीचा हिशेब करू. 11 फूट म्हणजे 132 इंच. त्यातून गादीचे 78 इंच, पलंगाच्या डोक्याकडच्या फळीचे आणि चौकटीचे मिळून सुमारे 6 इंच आणि समोरच्या भिंतीवरच्या कपाटाची खोली 24 इंच वजा केली, तर 24 इंच उरतात. दाराची जागा सोडून साडेसहा फुटांचे कपाट चार दारांचे केले, तर प्रत्येक दार साडेएकोणीस इंचांचे होते आणि या फटीत ते नीट उघडते. तेच कपाट तीन दारांचे केले, तर दार 26 इंचांचे होऊन पलंगाला धडकते. सरकत्या दारांचे कपाट हा सोपा उपाय वाटतो, पण दोन रुळांसाठी त्याची खोली 26 ते 27 इंच लागते आणि एका वेळी अर्धेच कपाट दिसते. त्यामुळे 20 इंचांहून कमी जागा उरत असेल तेव्हाच त्याचा विचार करावा.

कपाट छतापर्यंत न्यावे. डोक्यावर दीड-दोन फूट जागा सोडली, तर तिथे धूळ आणि खोकी दोन्ही जमतात. वरचा भाग वेगळ्या दारांचा केल्यास तोच माळा होतो आणि बॅगा तिथे जातात. कपाटाचा रंग भिंतीच्या रंगाच्या जवळचा ठेवला आणि मूठ बाहेर न काढता दाराच्या कडेला खाच ठेवली, तर एवढी मोठी वस्तू भिंतीत मिसळून जाते. लहान खोलीत मोठेपणाचा भास आणण्याची याहून परिणामकारक युक्ती मला माहीत नाही. चकचकीत लॅमिनेटवर दिवे आणि माणसे हलताना दिसतात, म्हणून मॅट लॅमिनेट घ्यावे. मात्र गडद मॅटवर बोटांचे ठसे उमटतात, त्यामुळे फिकी छटा बरी. आरसा दाराच्या आतल्या बाजूला लावावा, म्हणजे पलंगावरून तो सतत दिसत नाही.

सुताराशी बोलताना प्लायवूडची प्रत आधी लिहून घ्यावी. कोरड्या भिंतीजवळ साधे चांगले प्लाय चालते, पण बाथरूमला लागून असलेल्या किंवा पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीजवळ ओल सोसणारे बीडब्ल्यूआर प्रतीचे प्लाय वापरावे आणि कपाटाची पाठ व भिंत यांच्यात निदान एक इंच हवा खेळू द्यावी. कोकणात आणि गोव्यात तर ही फट सोडणे अनिवार्यच समजावे, अन्यथा श्रावणापर्यंत आतल्या कपड्यांना कुबट वास येतो.

पलंगाखाली साठवणीचे खण हवेत की मोकळी जागा हवी, यावर मतभेद आहेत. जमीन दिसत राहिली की खोली हलकी वाटते आणि रोज झाडता-पुसता येते, हे खरे आहे. परंतु पाहुण्यांच्या गाद्या ठेवायला दुसरी जागा नसेल तर उचलून उघडणारा पलंग निःसंकोच घ्यावा, कारण त्या गाद्या कोपऱ्यात रचून ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरे. जमिनीपासून गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची 18 ते 22 इंच असावी. आधुनिक दिसण्यासाठी फार बुटके पलंग घेतले जातात, पण गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना त्यावरून उठणे कठीण जाते.

विजेचे काम: रंगाआधी आणि कपाटासोबत

पलंगाची जागा पक्की झाली की इलेक्ट्रिशियनला बोलवावे. पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक सॉकेट आणि मुख्य दिव्याचा टू-वे स्विच असावा, म्हणजे दाराशी लावलेला दिवा झोपल्या जागेवरून बंद करता येतो. सॉकेट गादीपेक्षा थोडे वर, बाजूच्या टेबलाच्या पातळीच्या जरा वरती घ्यावे. पलंगाच्या फळीमागे दडलेले सॉकेट निरुपयोगी ठरते. एसीसाठी वेगळी 16 अँपिअरची लाइन आणि पाणी वाहून जाण्यासाठी नळीला उतार लागतो. वारा थेट तोंडावर येणार नाही अशी एसीची जागा निवडावी. नव्या उंच इमारतींत पुष्कळदा भिंती विटांच्या नसून काँक्रीटच्या ओतीव असतात. त्यांत खाचा मारून वायर नेणे इमारतीच्या दृष्टीने धोक्याचे असते, म्हणून अशा ठिकाणी पलंगामागे प्लायची पट्टी उभी करून वायरी तिच्याआडून न्याव्यात.

प्रकाशाबाबत एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. आपल्याकडे अनेक घरांत बेडरूममध्ये पांढराशुभ्र, निळसर झाक असलेला 6500 केल्विनचा दिवा लागतो, कारण तो उजेड जास्त देतो अशी समजूत आहे. दिव्याचा उजेड ल्युमेनमध्ये मोजतात आणि रंग केल्विनमध्ये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेडरूमसाठी 2700 ते 3000 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उबदार प्रकाश घ्यावा. सर्व दिवे मिळून 1500 ते 2000 ल्युमेन या खोलीला पुरेसे होतात. 9 वॅटच्या चांगल्या एलईडी बल्बातून सुमारे 900 ल्युमेन मिळतात. कपाटासमोर कपड्यांचे रंग ओळखायचे असतात, म्हणून तिथला एक दिवा 4000 केल्विनचा ठेवायला हरकत नाही, पण त्याचा स्विच वेगळा असावा. एकाच खोलीत निळसर आणि पिवळे दिवे एकत्र लागले, तर उत्तम रंगवलेली भिंतही मळकट दिसते.

छताच्या मध्यावर एकच झगझगीत दिवा लावण्याऐवजी प्रकाश दोन-तीन ठिकाणी वाटून द्यावा: भिंतीवर उजेड टाकणारा एक सौम्य दिवा, पलंगाच्या बाजूंना वाचण्याचे दिवे आणि रात्री उठणाऱ्यासाठी जमिनीलगत एक मंद दिवा. वाचण्याचा दिवा पलंगावर टेकून बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या जरा वर यावा, म्हणजे बल्ब डोळ्यांत जात नाही. छतात बसवलेले छोटे दिवे पंख्याच्या पात्यांच्या वर्तुळाबाहेर असले पाहिजेत. ते आत आले, तर पाती फिरताना प्रकाश सतत लुकलुकतो आणि डोकेदुखी मागे लागते. या खोलीला 1200 मिलिमीटरचा पंखा लागतो, म्हणजे मध्यापासून चोहीकडे सुमारे दोन फूट सोडावे लागतात.

पंखा बदलायचा असेल तर बीएलडीसी मोटरचा घ्यावा. जुना पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो, तर हा 28 ते 35 वॅटमध्ये चालतो. खोलीच्या शांततेचा विचार कानांसाठीही व्हायला हवा, त्यामुळे विकत घेण्यापूर्वी दुकानात पंखा पूर्ण वेगात फिरवून त्याचा आवाज ऐकावा. फॉल्स सीलिंगने उंची चार ते सहा इंचांनी कमी होते. साडेनऊ फुटांच्या खोलीत संपूर्ण छत झाकण्याची गरज नाही. वायरी लपवायच्या असतील तर कडेने अरुंद पट्टी पुरेशी आहे.

भिंती आणि रंग

रंगाआधी ओल तपासावी. भिंतीला पोपडे आले असतील किंवा कोपऱ्यात काळे ठिपके दिसत असतील, तर बाहेरची भेग, खिडकीची कड किंवा वरच्या मजल्याचे बाथरूम यांपैकी मूळ कुठे आहे ते शोधून आधी तिथली दुरुस्ती करावी. ओल्या भिंतीवर वॉलपेपर किंवा लाकडी पट्ट्या लावून ती झाकली, तर मागे बुरशी वाढते आणि झोपणाऱ्याच्या श्वासात जाते. पावसाळ्यात रंगकाम करूच नये. दसरा-दिवाळीच्या आधी रंग काढण्याची आपली पद्धत योग्य आहे, मात्र पाऊस लांबला असेल तर भिंत पूर्ण वाळेपर्यंत थांबावे.

चार भिंतींचे क्षेत्रफळ काढण्यासाठी घेर 42 फूट गुणिले उंची 9.5 फूट केले की 399 चौरस फूट येतात. दार आणि खिडकीचे सुमारे 41 वजा जाता 358 उरतात. चांगल्या इमल्शनचे दोन हात देण्यासाठी एका लिटरमध्ये साधारण 120 ते 140 चौरस फूट होतात, म्हणजे सुमारे तीन लिटर रंग लागेल. छताचे 110 चौरस फूट वेगळे. हा हिशेब स्वतः केलेला असला की रंगाऱ्याचा अंदाज समजून घेता येतो.

छटा निवडताना खोलीची दिशा पाहावी. उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा प्रकाश थंड असतो आणि त्यात करडा किंवा शुभ्र पांढरा रंग उदास दिसतो. तिथे सायीसारखा पांढरा किंवा फिका मातकट रंग घ्यावा. पश्चिमेकडच्या खोलीत दुपारनंतर ऊन तापते आणि पिवळसर छटा अधिकच भडक होते, म्हणून तिथे राखाडी झाक असलेला फिका हिरवा किंवा मळकट पांढरा शोभतो. छोट्या कार्डावरून रंग कधीही ठरवू नये. लहान डबा आणून दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन बाय दोन फुटांचे तुकडे रंगवावेत आणि ते सकाळी, दुपारी व रात्री आपल्याच दिव्याखाली पाहावेत. पलंगामागची एक भिंत गडद करण्याची पद्धत आता इतकी सरसकट झाली आहे की ती करण्यापूर्वी त्या खोलीला तिची खरोखर गरज आहे का, हे पाहावे. लहान खोलीत चारही भिंती आणि छत एकाच फिक्या मॅट रंगात असले की कडा विरतात आणि नजर कुठेही अडखळत नाही.

इंटरनेटवरची जी छायाचित्रे पाहून आपण भारावतो, त्यांतली बरीचशी युरोपातल्या थंड, कमी धुळीच्या घरांची असतात. तिथे लाकडी जमीन असते आणि ऊन हवेहवेसे असते. आपल्याकडे व्हिट्रिफाइड टाइल, रोजची धूळ, चार महिन्यांचा पाऊस आणि मार्चपासूनचा उन्हाळा आहे. त्या चित्रांतला मोकळेपणा घ्यावा, पण बिनपडद्याची खिडकी, लोकरी गालिचा आणि उघडी फडताळे घेऊ नयेत. उघड्या फडताळावर मांडलेल्या प्रत्येक वस्तूवरची धूळ कुणाला तरी रोज पुसावी लागते.

पडदे, अंथरूण आणि जमीन

पडद्यांचे दोन थर करावेत: दिवसा लावायचा पातळ सुती किंवा लिननसारखा, आणि त्यापुढे अस्तर लावलेला जाड. रॉड खिडकीच्या चौकटीपेक्षा सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना आठ-नऊ इंच बाहेर न्यावा, म्हणजे पडदे बाजूला सारल्यावर पूर्ण काच मोकळी होते आणि खिडकी मोठी भासते. 5 फुटांच्या खिडकीला साडेसहा फुटांचा रॉड आणि चुण्यांसाठी त्याच्या दुप्पट, म्हणजे 13 फूट रुंदीचे कापड लागते. 54 इंच पन्ह्याच्या कापडाच्या तीन पट्ट्या जोडल्या की साडेतेरा फूट भरतात. लांबी जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवावी. जमिनीवर लोळणारे पडदे चित्रात छान दिसतात, पण रोज लादी पुसली जाणाऱ्या घरात त्यांची कड आठवड्यात काळी होते. रंग भिंतीच्या जवळचाच, फार तर एक-दोन छटा गडद असावा.

पैसे हात राखून खर्च करायचे असतील, तर सगळ्यात आधी गादीला द्यावेत आणि सगळ्यात शेवटी पलंगाच्या सजावटीला. अंथरुणासाठी शुद्ध सुती चादरी घ्याव्यात. पॉलिस्टर मिसळलेल्या चादरी चुरगळत नाहीत, पण एप्रिल-मेमध्ये अंगाला चिकटतात. एकाच रंगाच्या दोन जोड्या ठेवल्या, तर एक धुण्यात असताना खोलीचे रूप बदलत नाही. उशा जितक्या माणसांना लागतात तितक्याच ठेवाव्यात. रोज रात्री उचलून खुर्चीवर ठेवायच्या शोभेच्या उशा खोलीत एक काम वाढवतात.

नक्षी आणि गडद रंग हवाच असेल, तर तो एका जागी एकवटावा. पायथ्याशी घडी घालून ठेवलेली सोलापुरी चादर त्यासाठी फार सुंदर दिसते. तिला भौगोलिक मानांकन आहे, ती वर्षानुवर्षे टिकते आणि पहाटेच्या गारव्यात पांघरताही येते. आजीच्या हातची गोधडी घरात असेल तर ती माळ्यावरून खाली काढावी. फिक्या, साध्या खोलीत तिचे टाके आणि रंग जसे उठून दिसतात तसे भरगच्च खोलीत दिसत नाहीत.

टाइलच्या खोलीत आवाज घुमतो आणि पावसाळ्यात जमीन गार लागते, म्हणून पलंगाच्या बाजूला काहीतरी अंथरावे. जाड गालिचा दमट हवेत वास धरतो. त्याऐवजी घरी धुता येणारी सुती सतरंजी घ्यावी. पलंगाच्या खालच्या दोन-तृतीयांश भागाखाली सरकवलेली आणि दोन्ही बाजूंना दीड फूट बाहेर येणारी सतरंजी उतरताना पावलांखाली येते आणि पलंगाला खोलीत बसवते. क्वीन पलंगासाठी तिची लांब बाजू आडवी, साधारण 8 फूट धरावी. टाइल गुळगुळीत असल्यामुळे तिच्याखाली घसरू न देणारी रबरी जाळी न विसरता घालावी.

भाड्याच्या घरात

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी भिंत फोडणे, कपाट बनवणे यात पडू नये. बल्ब बदलणे, प्लगला लावायचे उभे दिवे, धुवून सोबत नेता येतील असे पडदे आणि चांगली गादी एवढ्यावरच खोलीचे रूप बरेच पालटते. जुने लोखंडी किंवा भडक लॅमिनेटचे कपाट हलवता येत नसेल, तर घरमालकाला विचारून त्यावर मॅट चिकट फिल्म लावता येते. भिंतीला खिळा मारण्याआधी परवानगी लेखी, निदान संदेशावर तरी घ्यावी.

शेवटी भिंतीवर काय लावावे

चित्रे आणि शोभेच्या वस्तू यांची खरेदी खोलीत महिनाभर राहून झाल्यावरच करावी. तोवर सकाळचे ऊन कुठे पडते, कोणत्या भिंतीकडे नजर जाते आणि कुठला कोपरा आपोआप सामानाने भरू लागला आहे, हे कळलेले असते. भरू लागलेला कोपरा म्हणजे सुरुवातीच्या यादीतून काहीतरी सुटले आहे. तिथे फुलदाणी न ठेवता झाकणाची टोपली किंवा दोन खुंट्या द्याव्यात. पलंगामागे चित्र लावायचे असेल तर ते एकच असावे, पलंगाच्या रुंदीच्या सुमारे दोन-तृतीयांश, आणि फळीच्या वर सहा ते आठ इंचांवर. डोक्यावर जड काचेची चौकट टांगू नये. कापडावरचे किंवा हातकागदावरचे वारली चित्र हलक्या चौकटीत तिथे चांगले बसते. इतर भिंतींवर चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीला येऊ द्यावा. एखादे झाड हवे असल्यास कमी उजेडात आणि कमी पाण्यावर तगणारे स्नेक प्लांट खिडकीजवळ ठेवावे आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, नाहीतर डास होतात. एखादी भिंत रिकामीच बरी वाटत असेल तर ती तशीच राहू द्यावी.

पडदे तीन-चार महिन्यांतून एकदा धुवावेत, पंख्याची पाती महिन्यातून एकदा पुसावीत, आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात गादी, रजया व कपाटातले कपडे एकदा बाहेर काढून वाळवावेत. त्याच दिवशी सामानाची जुनी यादी हातात घेऊन कपाट पुन्हा तपासले, की वर्षभरात खोलीत शिरलेल्या नव्या वस्तू कुठे जायच्या ते ठरवता येते.